परक्या भुशाची ऊब

मित्रांनो, माझ्या पोटात जे जळलं ते मी कधी विसरत नाही. हाच माझा दोष आणि हीच माझी शिक्षा. मी पत्र्याची शेगडी आहे, लाकडाच्या भुशावर चालणारी. बालाघाटला आमच्या वस्तीत मला सिगडी म्हणतात आणि भुशाला बुरादा. तेलाच्या एका मोठ्या डब्याला पुनाराम टिनवाल्यानं खाली तोंड पाडलं, वर तीन खुरे ठोकले आणि तारेची कडी लावली, तेव्हा माझा जन्म झाला. पुनारामनं मला बोटानं वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "ही बाई टिकते." मी टिकले.

मला पेटवायचीही एक रीत आहे. आधी माझ्या मधोमध काचेची बाटली उभी करतात, खालच्या तोंडातून एक दांडकं आत सरकवतात, मग भोवती भुसा घालून हातानं दाबून दाबून भरतात. बाटली आणि दांडकं अलगद काढलं की मध्ये विहिरीसारखी पोकळी राहते. खालून पेटती काडी लावली की ती विहीर आतून जळू लागते. आधी धूर, मग ज्वाळा आणि मग किती तरी वेळ नुसती लाल, मुकी ऊब. सकाळी भरलेली मी दुपारपर्यंत गरम असते.

ज्या घरात मी आले ते तेजरामचं. तेजराम वस्तीला लागून असलेल्या, लाकूड चिरायच्या आरामशीनवर कामाला होता. मोठमोठे लाकडाचे ओंडके तो आऱ्यावर चढवायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा केसांत, भुवयांत, कानांत भुसा असायचा. त्याची बायको गोदाबाई अंगणातच त्याला थांबवायची आणि म्हणायची, "आधी झटका तुमाले, मग घरात या. नाही त चुलीत टाकीन, चांगले जळसान."

तेव्हा भुशाला कोणी विचारत नव्हतं. आरामशीनच्या मागे त्याचा डोंगर पडलेला असायचा. ज्याला पाहिजे त्यानं पोतं भरावं आणि न्यावं. तो सगळा आमच्याच रानाचा भुसा. सागाचा, बीजाचा म्हणजे बिबळ्याचा, साजाचा म्हणजे ऐनाचा, बिरसा गावाकडून आलेल्या सरईचा म्हणजे सालाचा. मित्रांनो, तुम्हाला खोटं वाटेल, पण भुसा जळताना बोलतो. फार हळू बोलतो. चूल फुंकणाऱ्या बाईला ऐकू येत नाही, पण ज्याच्या पोटात तो जळतो त्याला येतं. सागाचा भुसा त्याच्या अंगाला पाठ घासून गेलेल्या गव्याची आठवण सांगायचा. बीजाचा भुसा कोणत्या तरी पोपटाच्या ढोलीबद्दल पुन्हा पुन्हा विचारायचा, पिल्लं उडाली का, पिल्लं उडाली का. मला काय माहीत? मी फक्त ऐकायचे. मेलेल्या झाडांचं बोलणं मी ऐकायचे आणि त्याच विस्तवावर वरती भात शिजायचा.

मग प्रीतमचा जन्म झाला. आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला शेक देतात. सकाळी तेल लावून, कढत पाण्यानं न्हाऊ घालून दोघांना बंद खोलीत निजवतात. मला अंगणात पेटवायचं, सगळा धूर जाऊ द्यायचा, ज्वाळा बसल्या की कडीला धरून आत न्यायचं आणि बाजेशेजारी ठेवायचं. वरून ओव्याची नि लसणाच्या सालींची धुरी. गोदाबाईच्या सासूनं तिला शिकवलं होतं, "धूर गेला म्हंजे विख गेलं." त्या खोलीला मातीच्या भिंती होत्या आणि वर कवेलू होते. कौलांच्या फटीतून उन्हाचे कवडसे आत यायचे आणि माझ्यातलं जे वाईट असेल ते त्याच फटींतून बाहेर जायचं. ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, सगळी करामत त्या म्हणीची आहे.

प्रीतम धष्टपुष्ट झाला. वस्तीत माझं नाव झालं. कोणाची लेक बाळंतपणाला माहेरी आली की मला मागून नेत. "गोदाबाईची सिगडी आणा, तिच्यात गुण हाय." मित्रांनो, खरं सांगते, मला तेव्हा अभिमान वाटायचा.

बदल एकदम झाला नाही. आधी आरामशीनवर ओंडके कमी येऊ लागले. पूर्वी आमच्या गावातून लाकूड भरभरून बाहेर जायचं, ट्रकमागून ट्रक. मग ते ट्रक विरळ झाले. आरा आठवड्यातून काही दिवसच फिरू लागला. भुशाचा डोंगर खाली बसत गेला आणि त्याच वेळी वीटभट्ट्यांना, कारखान्यांच्या बॉयलरना भुसा हवा झाला. जे कालपर्यंत फुकट उचलायचं होतं त्याला मालक आले. तेजरामचा खोकला त्याच सुमारास वाढला. रात्रंदिवस खोकायचा. आरामशीन बंद झाली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो गेला. गोदाबाईनं त्याचा गमछा झटकला तेव्हा त्यातून थोडा भुसा पडला. तो तिनं गोळा केला आणि कुठे टाकावा ते न सुचून माझ्यात टाकला. मित्रांनो, तो भुसा जळताना काहीच बोलला नाही. फक्त खोकल्यासारखा तडतडला.

मग भुसा बाहेरून येऊ लागला. ज्या गावातून लाकूड जायचं त्या गावात आता भुसा येतो, ही उलटी गंगा मी माझ्या पोटानं पाहिली आहे. आधी गोंदियाहून आला. तो निदान ओळखीचा होता, आपल्याच बोलीतला. मग नागपूरकडून आला. मग मोबाईल घरोघरी झाले त्या दिवसांत गजेंद्र नावाचा टेम्पोवाला फिकट पिवळा भुसा आणू लागला. त्याला राळेचा वास होता. परदेशातून जहाजानं आलेल्या लाकडाचा, म्हणाला. तो भुसा पेटला की थंडीनं कुडकुडल्यासारखा बोलायचा. त्याची भाषा मला येत नव्हती. पण एक गोष्ट कळायची, तो विचारत असायचा की आपण कुठे आहोत. रोज विचारायचा. मी सांगायचे, बालाघाट. त्याला ते नाव कळायचं नाही. तो तसाच विचारत विचारत राख व्हायचा.

लॉकडाऊन उठल्यानंतर आणखी वेगळा माल आला. मैद्यासारखा बारीक, राखाडी-पांढरा, आणि त्यात मधूनमधून चकाकणारे कण. गोदाबाईनं विचारलं, "काहून रे गजेंद्र, हा कोणता बुरादा?"

"अम्मा, फर्निचर का है. बोर्ड-प्लाय का. बड़े शहर से आता है."

"लकडी हाय न?"

"लकड़ी ही समझो."

गोदाबाईनं तो घेतला. मी तो पहिल्यांदा पोटात घेतला तेव्हा माझे पत्रे आतून शहारले. हा भुसा एका झाडाचा नव्हता. कितीतरी झाडं, कुठलीकुठली, कुटून बारीक केलेली आणि कसल्या तरी चिकट द्रव्यानं एकमेकांना चिकटवलेली. ती सगळी एकदम बोलायला जात होती आणि त्यांची तोंडं चिकटलेली होती. त्यातून एक घुसमटलेला हुंकार येत राहायचा. तो आवाज मला आवडत नव्हता. पण शेगडीला आवडनिवड विचारतं कोण?

तोवर घरही बदललं होतं. कवेलू गेले, घरकुल आलं. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब, लोखंडी दार, काचेची खिडकी. वारा आत यायला एवढीशीही फट नाही. गोदाबाई कौतुकानं म्हणायची, "आता माहं घर डब्यासारखं पॅक हाय."

आणि त्या घरात पौर्णिमा आली, प्रीतमची बायको. कॉलेज शिकलेली, कमी बोलणारी, डोळ्यांनी सगळं टिपणारी. पौष महिन्यात तिला मुलगी झाली.

मित्रांनो, पौर्णिमा झोपत नसे. बाळ झोपलं की ती त्याच्या छातीवर तळहात ठेवून बसायची. छाती वरखाली होते का ते पाहायची. कधी कधी हातावरून खात्री पटायची नाही, मग वाकून गाल बाळाच्या नाकाशी न्यायची. गोदाबाई हसायची. "झोपू दे न तिले. तू काय पोरीचं घड्याळ हाय, का दर घडीले काटा पाह्यतं?"

"आई, तिचा श्वास फार हळू वाटतो मला."

"मंग काय रेल्वेच्या इंजिनासारखा चालन? एवढीशी तर हाय."

रोज सकाळी मला अंगणात भरलं जाई. तोच पांढरा भुसा. धूर गेला, ज्वाळा बसल्या की गोदाबाई मला आत आणी. मग ती दार लावी, दाराच्या फटीत जुनं लुगडं कोंबी आणि खिडकीची काच ओढून घेई. वाऱ्याची तिला फार भीती. ओली बाळंतीण आणि वारा, याहून वाईट जोडी जगात नाही असं तिला वाटे. वरून ओव्याची धुरी. त्या वासाखाली चिकट द्रव्याचा वास झाकला जाई.

पौर्णिमाचं डोकं ठणकू लागलं. रोज शेक झाल्यावर. "आई, हा भुसा नको ना. यात काहीतरी चमकतं."

"चमकते त चमकू दे. आपल्याले काय खायाचा हाय?"

"डोकं फार दुखतं."

"बाळंतिणीचं डोकं दुखतेच. माहं नाही दुखलं? प्रीतमले याच सिगडीनं शेकलं. पाह्य, कसा बैलासारखा झाला."

"बाबा याच भुशानं खोकून खोकून गेले ना, आई?"

गोदाबाई तुटक म्हणाली, "त्याहीनं जिंदगी काढली त्या भुशावर. त्याच भुशानं आपल्याले जेवू घातलं. त्याले नाव नको ठेऊ, पोरी."

मला दोघींचंही बोलणं कळत होतं. गोदाबाई ज्याची बाजू घेत होती तो भुसा केव्हाच संपला होता. माझ्या पोटात होता तो दुसराच कोणी. मी कशी सांगू? मला तोंड आहे, पण ते जाळ घालण्यापुरतं.

मग घरात एक मुकी लढाई सुरू झाली. गोदाबाई बाहेर गेली की पौर्णिमा उठून खिडकीची काच बोटभर सरकवायची. गोदाबाई आली की काच पुन्हा लागायची. प्रीतम संध्याकाळी कामावरून आला की दोघींच्या तोंडांकडे पाही आणि म्हणे, "चहा मिळन का, का मीच हाटेलात जाऊ?" पौर्णिमानं एकदा त्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "मायले दुखवू नको ना. सव्वा महिन्याचीच तर गोष्ट हाय." तो वाईट नव्हता. फक्त सकाळी त्या खोलीत तो नसायचा.

मित्रांनो, ती सकाळ मला अजून छळते. आदल्या दिवसापासून मावठाचा पाऊस लागला होता. ढगांनी दिवस उजाडूच दिला नाही. पाण्याची गार झुळूक दारातून आत येत होती. गोदाबाईनं मला नेहमीपेक्षा घट्ट भरलं, दारापुढच्या छपरीत पेटवलं आणि आत आणलं. त्या दिवशी थंडी तिलाही वाजत होती, म्हणून ती स्वतः खोलीत बसली. बाळाला न्हाऊ घालून दुपट्यात गुंडाळलं आणि बाजेवर पौर्णिमाच्या कुशीत दिलं. दाराखाली लुगडं कोंबलं. काच लावली. ओवा टाकला.

मी लाल झाले. धूर नाही, ज्वाळा नाही. पाहणाऱ्याला वाटावं, किती सोज्वळ ऊब. पण माझ्या पोटातला तो हुंकार त्या दिवशी बाहेर पडला. त्याला रंग नव्हता, वास नव्हता. तो भिंतींवरून हात फिरवत गेला, फट शोधत होता. कवेलू असते तर निघून गेला असता. फट नव्हती. मग तो खोलीतच राहिला. मला वाटलं, ती सगळी कुटलेली झाडं, ज्यांना कुठल्याच रानानं परत घेतलं नाही, ती आता या खोलीत येऊन बसली आहेत आणि हळूहळू जागा मागत आहेत. बाजेवर. उशाशी. बाळाच्या छातीवर.

गोदाबाई बोलत होती. ती कधीच गप्प बसत नसे. तिरोडीच्या माहेराची गोष्ट सांगत होती, तिच्या आईनं न्हाणीचं पाणी कसं तापवलं, कडुनिंबाचा पाला कसा टाकला. "अन् माही माय म्हने, गोदे, बाळंतिणीनं पहिले बारा दिवस..."

वाक्य तिथेच थांबलं.

बाजेवर बाळ निपचित होतं. आधी पौर्णिमाला ती शांतता बरी वाटली असावी, कारण तिचेही डोळे मिटत होते. पण ती वाट पाहत होती. पहिले बारा दिवस काय? सासूचं वाक्य अर्धं राहिलं, हे त्या घरात कधी झालंच नव्हतं. तिनं जड पापण्या उघडल्या. गोदाबाई भिंतीला टेकली होती. मान एका बाजूला, तोंड उघडं.

"आई?"

मान तशीच कललेली.

"आई, बोला ना. शिव्या द्या, पण बोला."

पौर्णिमा उठायला गेली आणि पाय कापसासारखे दुमडले. ती बाजेवरून खाली पडली. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी तिचा चेहरा पाहिला, मित्रांनो. त्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिला इतके दिवस ज्याची भीती होती ते आता समोर आलं होतं, आणि त्याला ती ओळखत होती. तिनं दुपट्याचं टोक धरून बाळाला बाजेवरून अलगद खाली घेतलं. मग कोपरांवर सरपटत, दुपटं ओढत दाराकडे निघाली. खोली लहानशी. मला ती फार लांब वाटली. तिनं लुगडं उपसलं. कडी उंच होती. एकदा हात घसरला. दुसऱ्यांदा घसरला. मग तिनं दारालाच अंगाचा धक्का देत देत स्वतःला उभं केलं आणि कडी काढली.

वारा आत आला. ज्याला गोदाबाई आयुष्यभर भीत आली तो गार, ओला वारा. तो सरळ माझ्या अंगावर आला आणि मी भडकले.

पौर्णिमानं बाळाला छपरीत, पावसाचे तुषार येत होते तिथे ठेवलं. त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, तळवे चोळले. बाळ रडेना. ती त्याचं नाव घेऊ शकत नव्हती, कारण अजून नाव ठेवलं नव्हतं. ती नुसतं "ए, ए, ए" म्हणत राहिली. मी दारातून पाहत होते आणि माझ्या पोटात सगळी झाडं पहिल्यांदाच गप्प झाली होती.

मग बाळ रडलं. आधी मांजरीच्या पिल्लासारखं, मग चांगलं मोठ्यानं.

पौर्णिमा परत आत आली. भिंत धरधरून. सासूच्या काखेत हात घातले आणि ओढू लागली. गोदाबाई जड बाई. उंबरठ्यावर अर्धी आत, अर्धी बाहेर, तिथेच दोघी कोसळल्या. पावसाचं पाणी गोदाबाईच्या तोंडावर पडलं, तिला ओकारी झाली, आणि तिनं डोळे उघडले. तिचे पहिले शब्द मी ऐकले. ती म्हणाली, "दार लाव व... पोरीले वारा लागन."

पौर्णिमा रडता रडता हसली. मग पुन्हा रडली.

रडणं ऐकून शेजारी जमले, कोणीतरी फोन केला, प्रीतम धावत आला, रिक्षातून तिघींना दवाखान्यात नेलं. दवाखान्यात कळलं की बंद खोलीतल्या शेगडीतून असा वायू निघतो जो दिसत नाही, हुंगता येत नाही आणि झोपेतच माणूस नेतो. कोणताही भुसा असो, कोळसा असो. धूर गेला म्हणून विख जात नाही. उलट सगळ्यात वाईट विख तेव्हाच असतं. आणि या चिकटवलेल्या भुशाचा वायू तर डोळ्यांना, छातीलाही वाईट.

तिघी घरी परतल्या त्या दिवशी गोदाबाई माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, लाथ मारील. तिनं मारली नाही. पाठमोरी राहूनच ती सुनेला म्हणाली, "मले कोनी सांगतलं नाही व."

"मी सांगत होते ना, आई."

गोदाबाईनं पदरानं माझ्यावरची राख झटकली.

"हौ," गोदाबाई म्हणाली. "सांगत होती तू."

तिनं मला कडीला धरून उचललं आणि अंगणाच्या पार टोकाला, उघड्यावर नेऊन ठेवलं.

आता मी तिथेच असते. माझ्यावर न्हाणीचं पाणी तापतं. बाळाचं नाव श्रुतिका ठेवलं. ती आता दुडुदुडु चालते, आणि माझ्याकडे येऊ लागली की दोघी एकदम ओरडतात. गजेंद्र अजून येतो. त्याचा माल आता कुठून येतो ते त्यालाही ठाऊक नसतं. गोदाबाई पोत्यात हात घालते, हुंगते आणि चकाकणारा असला तर परत करते. तो म्हणतो, "अम्मा, सब ले रहे हैं, एक आप ही नखरे करती हो." सगळे घेतात, हे खरं आहे.

आणि आणखी एक. वस्तीत कोणाकडे बाळंतीण असली की गोदाबाई न बोलावता जाते. आधी दार उघडते. सुना खूश होतात, सासवा तोंड वाकडं करतात. एक तर म्हणाली, "आली दारवाली." गोदाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण वस्ती मोठी आहे आणि तिचे पाय दुखतात. ती सगळीकडे पोचत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना म्हणतात की आम्हाला जपा. मी तसं म्हणत नाही. मला गंज चढू द्या, फेकून द्या, भंगारात विका. तुम्ही स्वतःला माझ्यापासून जपा. मला कधीही बंद खोलीत नेऊ नका, कितीही थंडी असली तरी. आणि माझ्या पोटात काय घालता ते एकदा विचारून घ्या, ते कुठून आलं, कशाचं आहे. मी उघड्यावर ठेवलेली बरी. उघड्यावर मी नुसती ऊब आहे.

पौष आला की मला धास्ती वाटते. सकाळी धुक्यात गल्लीत कुठेतरी शेगडी पेटते. वास येतो, तोच चिकट वास. मग कोणीतरी दार लोटून घेतल्याचा आवाज येतो. मी इथे अंगणात बसून ऐकत राहते, ते दार पुन्हा उघडतं का.